मागे बसणारा

मोटारसायकल अंगावर पडली तेव्हा त्याला आधी काही वाटलंच नाही. खालच्या मजल्यावरच्या काकांनी हाक मारून सांगितलं होतं, पाण्याचा टँकर आत यायचाय, जरा तुमची गाडी बाजूला घ्या. आणि तो चहा अर्धा टाकून, चपला अडकवून खाली गेला होता. बाजूला घ्या म्हणजे काय करायचं असतं? स्टँडवरून काढायची, हँडल वळवायचं, ढकलायची. शेंबडं पोरही करेल. त्यानं स्टँड काढला, हँडल वळवलं, आणि गाडीचं सगळं वजन एकदम त्याच्याकडे आलं. ते त्यानं दोन्ही हातांनी धरलं, थोडा वेळ तोलूनही धरलं, आणि मग गाडी सावकाश, अगदी घाई न करता, त्याला घेऊन आडवी झाली. काका ‘अहो, अहो, अहो’ करत धावले. टँकरवाला हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. तो नुसता खाली उतरला आणि एका हातानं गाडी उभी केली. फरशीवर पडल्या पडल्या त्याला वर गॅलरीत बायको दिसली. उजवा हात कठड्यावर, डावा गाऊनच्या खिशात. तिनं बघितलं, आणि ती आत गेली. ती ओरडली नाही, लागलं का म्हणून विचारलं नाही, आणि आत जाताना दारसुद्धा आपटलं नाही. कोपर सोललं होतं. ते त्याला रात्री शर्ट काढताना कळलं.

गाडी तिची होती. म्हणजे कागदावर कुणाची का असेना, चालवायची ती. झेरॉक्सची यंत्रं दुरुस्त करायला ती गावभर हिंडायची, पाठीला हत्यारांची पिशवी, पायात जाड तळाचे बूट, आणि सकाळी आधी त्याला रुग्णालयाच्या फाटकाशी सोडायची. लग्न झाल्यावर पहिल्यांदा तो मागे बसला तेव्हा शेजारपाजारचे खिडक्यांत आले होते. रुग्णालयातले वॉर्डबॉय अजूनही म्हणायचे, साहेब, ड्रायव्हरबाई आज उशिरा का? त्याला त्याचं काही नव्हतं. मागे बसण्यात त्याला एक सुख होतं, आणि ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं: काही ठरवावं लागत नाही. समोर तिच्या हेल्मेटची पाठ, त्यावरचा एक ओरखडा, आणि समोरचं बाकी काही नाही. जे दिसायचं ते डावीकडे, आणि तेही निघून गेल्यावर. दुकानं, झाडं, भांडत चाललेली माणसं, सगळं त्याच्यापर्यंत पोचेतो मागे पडलेलं असायचं. फक्त वळणावर त्याची पंचाईत व्हायची. गाडी डावीकडे कलली की त्याचं अंग आपसूक उजवीकडे सरायचं, उजवीकडे कलली की डावीकडे. ‘अरे, उलटा नको कलूस,’ ती ओरडायची, ‘माझ्याबरोबर कल. तुझ्यापेक्षा पोतं बांधलेलं परवडलं!’ तो हसायचा. पुढच्या वळणावर पुन्हा तेच. मग घरात त्याचं नावच पोतं पडलं. पोत्या, जेवायला ये. पोत्या, किल्ली कुठे ठेवलीस? शिकून घे एकदाचं, असंही ती दरवर्षी म्हणायची, तो दरवर्षी हो म्हणायचा, आणि ते घोंगडं असं भिजत पडलं ते पडलंच.

तो क्ष-किरण विभागात होता. दिवसभर एकच बोलणं. छाती टेकवा, हनुवटी वर, श्वास घ्या, रोखा, हलू नका. झालं, सोडा. येईल त्याला तेच. लोकांना वाटतं असल्या कामात माणसाचं आतलं कळत असेल. काही कळत नाही, बरगड्या कळतात. ज्या दिवशी तिला पक्षाघाताचा झटका आला, एका कचेरीत यंत्राच्या पोटात हात घालून बसलेली असताना, तेव्हा तिला त्याच्याच रुग्णालयात आणलं. स्कॅनच्या खोलीतला माणूस जेवायला गेला होता, म्हणून ती चाकांची खाट आत ढकलली ती यानंच. तिचं तोंड डावीकडे ओघळलं होतं. ती त्याच्याकडे बघत होती, काहीतरी सांगायचा आटापिटा करत होती, आणि त्यानं तिचं डोकं पट्ट्यात नीट बसवलं आणि रोजच्या आवाजात सांगितलं, ‘हलू नका.’ स्वतःच्या बायकोला. जिचं अर्धं अंग हलतच नव्हतं तिला. त्याच्या तोंडून ते गेलं आणि त्याच क्षणी त्याच्या आत कुठेतरी कुणीतरी ते ऐकलं असावं, कारण तेव्हापासून आत काही हललं नव्हतं. पुढे तिचं तोंड सरळ झालं, बोलणं आलं, पाय जरा ओढत का होईना पण चालायला लागला. डाव्या हाताची मूठ मात्र वळेना. डॉक्टर तिच्या बोटांना टाचणी टोचून विचारायचे, कळतंय? ती म्हणायची, नाही. शेजारच्या स्टुलावर बसून तो बघायचा आणि त्याला वाटायचं, आता ही टाचणी मला टोचली तर मीही नाहीच म्हणेन.

आणि मोटारसायकलचा क्लच डाव्या हाताला असतो. बाकी सगळं परत आलं असतं आणि एक करंगळी गेली असती तरी चाललं असतं, पण नेमकं तेच. घरी आल्यापासून ती खाली उतरली नव्हती. रिक्षा आणतो म्हटलं की म्हणायची, मला पार्सलसारखं नेऊ नकोस. कंपनीतल्या पोरांचे फोन यायचे, मॅडम, कागद अडकतोय, मॅडम, काळे पट्टे येतायत. ती डोळे मिटून फोनवर सांगायची, उजवीकडचं झाकण उघड, हिरवी कळ दाब, आता आत हात घाल. फोन ठेवला की पुन्हा गॅलरीत जाऊन खाली बघत बसायची. खाली काय, तर गाडी.

गाडी अंगावर पडली त्या सकाळी तो वर आला तेव्हा ती म्हणाली, ‘विकून टाकू या. मी भावाला सांगते, गिऱ्हाईक बघ म्हणून. रोज बघायला नको.’ त्याला कळलं की गाडी गेली की ही गॅलरीतही जायची नाही. मग खोली, मग पलंग. हे त्याला अगदी स्वच्छ कळलं, फिल्मवरची चीर दिसावी तसं, आणि तरीही छातीत काही झालं नाही, नुसती माहिती मिळाल्यासारखी मिळाली. तोंडातून मात्र भलतंच गेलं. ‘नको विकूस. मी शिकतो.’ ती इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली, आणि ते हसू काही चांगलं नव्हतं. ‘तू? ज्याला ती जागची हलवता येत नाही तो?’ तो म्हणाला, ‘लायसन्स काढतो. तू मागे बस.’ ‘मी मागे बसणार नाही,’ ती म्हणाली. ‘मागे बसलेला माणूस काय असतो ते मला चांगलं माहितेय.’ मग जरा थांबून म्हणाली, ‘काढ लायसन्स. नाही निघालं तर गाडी जाईल. आणि निघालं तरी मी बसेनच असं नाही, आधीच सांगून ठेवते.’

शिकवणारे मास्तर म्हणजे निवृत्त बसचालक. जुन्या गोदामामागच्या मोकळ्या मैदानात त्यांनी फक्कीनं आठचा मोठा आकडा आखलेला, आणि कडेला बाकावर छत्री उघडून स्वतः बसलेले. बाकीचे शिकाऊ सगळे मिसरूड फुटलेले. त्यांच्यात हा कानशिलं पांढरी झालेला, डोक्यावर बायकोचं हेल्मेट. ते त्याला घट्ट व्हायचं. आत तिच्या केसांचा वास होता, आणि काचेतून समोर सगळं मोकळं. पहिल्या दिवशी त्याला भीती वाटली ती पडण्याची नाही, त्या मोकळ्याची. समोर कुणाची पाठच नव्हती. गाडी तिचीच, मास्तर घरून चालवत आणायचे. त्यानं क्लच सोडला, गाडीनं गचका दिला आणि ती बंद पडली. पुन्हा सोडला, पुन्हा बंद. ‘हळू हो साहेब,’ मास्तर ओरडले, ‘तो क्लच आहे, उंदराचा पिंजरा नाही!’ पोरं फिदीफिदी हसली. कधीतरी गाडी चालू राहिली आणि पुढे सरकली, आणि तो गेला तो सरळ डावीकडच्या कुंपणात. कारण त्याची मान डावीकडेच. एवढ्या वर्षांची सवय, मान वळवून निघून गेलेलं बघायचं. मास्तर छत्री मिटून उठून आले, त्याला आणि गाडीला नीट न्याहाळत एक फेरी मारली, आणि म्हणाले, ‘साहेब, एक विचारू? पुढे कोणी बसणार आहे का?’ त्याला समजेना. ‘नाही, तुम्ही सीटवर एवढे मागे सरकून बसलाय. हात ताणले गेलेत, हँडल जेमतेम पोचतंय. पुढची जागा कुणासाठी ठेवलीय?’ त्यानं खाली बघितलं. खरंच, त्याच्या आणि टाकीच्या मध्ये एका माणसाची जागा रिकामी होती. एका बाईची. तो पुढे सरकला. सरकताना त्याला चोरी केल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा मागेच बसला होता. तिसऱ्याही. मास्तरांनी मग बाकावरूनच नुसतं ‘सरका’ म्हणायचं ठेवलं, आणि पोरांनीही ते उचललं. तो मैदानात शिरला की कोरसमध्ये ‘सरका!’ आणि दुसरं म्हणजे, त्याला श्वास घ्यायची आठवण राहायची नाही. आठच्या आकड्यात शिरायचा तो श्वास रोखून, आणि बाहेर पडेतो, किंवा पाय टेकेतो, रोखलेलाच. तोंड लालभडक व्हायचं. ‘अहो, श्वास घ्या की!’ मास्तर म्हणायचे. ‘लायसन्स काढायचंय की जीव द्यायचाय?’ तो मनात म्हणायचा की लोकांना मी हेच सांगतो, घ्या, रोखा. पण सोडा म्हणणारा इथे कोण आहे? मग आपण किती दिवसांपूर्वी शेवटचा सोडला होता ते आठवायला जायचा, आणि तेवढ्यात पाय टेकायचा. ‘चाकाकडे बघू नका. जिकडे जायचंय तिकडे बघा,’ मास्तर सांगायचे, आणि तो बघायचा, आणि जिकडे जायचं होतं तिथे काही नसायचं, नुसती फक्की.

घरी ती काही विचारायची नाही. तो यायचा, हेल्मेट खुंटीला लावायचा, ती पँटच्या गुडघ्यावरची माती बघायची आणि ताट पुढे करायची, एका हातानं. एकदा फक्त, तो भांडी घासत होता तेव्हा, मागून म्हणाली, ‘वळताना मागचा ब्रेक जरासा दाबून ठेव. पुढच्याला हात लावू नकोस.’ बस, एवढंच. तो तसाच साबणाच्या हातांनी उभा राहिला. त्याला वाटलं आता आपल्याला काहीतरी वाटेल. वाट बघितली. मग नळ सोडला आणि ताट विसळलं. दुसऱ्या दिवशी त्यानं मागचा ब्रेक दाबून ठेवला आणि आठचा अर्धा आकडा पाय न टेकता पार पडला. मास्तरांनी विचारलं, ‘हे कुणी शिकवलं?’ तो म्हणाला, ‘घरी.’

मेहुणा भला माणूस, पण त्याला दम नाही. ताईनं सांगितलं आणि त्यानं गिऱ्हाईक गाठलंसुद्धा. ‘दाजी, तुमची परीक्षा ज्या दिवशी, त्याच संध्याकाळी मी त्याला घेऊन येतो,’ तो फोनवर म्हणाला. ‘पास झालात तर बघू, नाहीतर सौदा करून टाकू. आणि खरं सांगू का, राग मानू नका, पास झालात तरी ताई काही बसायची नाही. तिला मी लहानपणापासून ओळखतो. झोपाळ्यावरसुद्धा दुसऱ्यानं झोका दिलेला तिला चालायचा नाही.’ त्यानं बरं म्हणून फोन ठेवला. राग आला नाही. मेहुण्याचं खरंच होतं. मग पास कशासाठी व्हायचं, असा प्रश्न त्याला पडला. दुसऱ्या दिवशी तो मैदानात गेला एवढंच.

परीक्षेच्या मैदानातला आठचा आकडा मास्तरांच्या आकड्यापेक्षा लहान होता. निदान त्याला वाटला. तपासणारा अधिकारी खुर्चीत बसून कान कोरत होता. आधीचे दोघे पाय टेकून नापास झाले होते आणि कुंपणाशी तोंड पाडून उभे होते. त्याचा नंबर आला. आत शिरला, पहिलं वळण घेतलं, मधला फुलीचा भाग ओलांडला, दुसऱ्या गोलात शिरला आणि त्याच्या लक्षात आलं की आपण मागे सरकलोय. कधी सरकलो कळलंच नाही. समोर तीच रिकामी जागा. हँडल डगडगायला लागलं, डावा पाय आपोआप खाली निघाला, आणि छातीत तो रोखलेला श्वास दगडासारखा बसलेला. ‘झालं, सोडा,’ तो मोठ्यानं म्हणाला. कामावरच्या आवाजात, जसा रोज परक्या माणसांना म्हणतो तसा. श्वास सुटला. त्यानं पाय वर घेतला, ढुंगण उचललं आणि टाकीला भिडून बसला, तिच्या जागेवर, आणि मान वळवून जिकडे जायचं तिकडे बघितलं. गाडी तिकडे गेली. अधिकाऱ्यानं कानातली काडी न काढताच हात केला, पुढचा. मास्तरांनी पाठीत धपाटा घातला. ‘अहो पास झालात! हसा की जरा, मयताला आल्यासारखे काय उभे?’ तो हसला. गालांना ताण बसला तेवढा जाणवला.

घरी आला तर ती गॅलरीत. ‘झालं,’ तो म्हणाला. ‘पाय टेकला?’ ‘नाही.’ ‘चाकाकडे बघितलंस?’ ‘एकदा.’ ‘हं,’ ती म्हणाली आणि आत खोलीत गेली. दार लोटलं गेलं. तो खुर्चीत बसला. हे असंच होणार होतं, मेहुण्यानं सांगितलंच होतं. संध्याकाळी माणूस येईल, टायर दाबून बघेल, गाडी घेऊन जाईल, आणि हा उद्या बसनं कामाला जाईल, घ्या, रोखा, सोडा. गुडघ्यांवर हात ठेवून तो भिंतीकडे बघत राहिला. खाली मेहुण्याचा आवाज आला, कुणाशी तरी बोलत होता, एका हातची गाडी आहे, बाईमाणसाची, जिवापाड जपलेली. आतल्या खोलीत कपाटाचं दार करकरलं. काहीतरी जड खाली पडलं, ती स्वतःशीच एक शिवी हासडल्यासारखं बोलली, आणि मग दार उघडलं. तिच्या पायात कामावरचे बूट होते. नाड्या सुटलेल्या, जमिनीवर लोळत होत्या. ती त्याच्यासमोर भिंतीला टेकून उभी राहिली आणि एक पाय पुढे केला. ‘बांध.’ तो खाली बसला. त्यानं गाठ मारली. ‘घट्ट,’ ती वरून म्हणाली. ‘अजून घट्ट. गाडीवर बसायचंय, वरातीत नाही.’

जिना उतरायला बराच वेळ लागला. त्यानं हात पुढे केला तेव्हा तिनं तो झटकला, आणि शेवटच्या पायऱ्यांवर आपणहून धरला. खाली गिऱ्हाईक उकिडवं बसून साखळी तपासत होतं. मेहुण्यानं वर बघितलं आणि त्याचा आ वासला. ‘ताई! तू खाली कशी आलीस?’ ‘पायांनी,’ ती म्हणाली. ‘बाजूला हो, गाडी बाहेर जातेय.’ ‘अगं, पण हे गृहस्थ मुद्दाम लांबून...’ ‘त्यांना वर बसव. चहा तूच कर, पत्ती वरच्या फळीवर आहे. आणि सांग त्यांना, गाडी विकायची नाही.’ खालच्या मजल्यावरचे काका दाराशी आले होते. या वेळी स्टँड निघाला, वजन आलं, आणि त्यानं ते पेललं. तो हेल्मेट चढवून पुढे बसला, पुढेच. ती मागे चढली, एक हात त्याच्या खांद्यावर दाबून, बराच खटाटोप करून, काकांकडे रागानं बघत. मग उजव्या हातानं तिनं आपला डावा हात उचलला आणि त्याच्या जॅकेटच्या खिशात ठेवून दिला, लोंबकळू नये म्हणून, आणि उजव्यानं त्याच्या पोटाला घट्ट विळखा घातला. ‘चल,’ ती म्हणाली. ‘आणि हे बघ, मी काहीही बोलणार नाहीये.’

फाटकातून बाहेर पडेपर्यंतच ती तीन गोष्टी बोलली. रस्ता सरळ होता. खिशातला हात त्याला कळत होता, थोडा गरम, कुणीतरी ठेवून विसरलेल्या वस्तूसारखा. पुढे पाण्याच्या टाकीपाशी डावं वळण होतं, तेच, जिथे ती नेहमी ओरडायची. मास्तरांनी बजावलं होतं, मागे माणूस बसला की वळणावर गाडी जड होते, हँडलवर जोर ठेवा. त्यानं दात आवळले, जोर ठेवला, गाडी डावीकडे घातली आणि ती वळली. सहज. जोर लागलाच नाही. मागे कुणी नसताना मैदानातसुद्धा इतकी अलगद वळली नव्हती. मागे ती होती, आणि तीही डावीकडे कलली होती, त्याच्याबरोबर, नेमकी तेवढीच, न सांगता. वळण संपलं तशी गाडीबरोबर सरळही झाली. त्याला आधी वाटलं काहीतरी चुकलं. मग लख्ख कळलं, आणि या वेळी नुसतं कळून थांबलं नाही.

‘अगं,’ त्यानं मान न वळवता विचारलं, ‘मी मागे असताना अशी वळायची?’

‘छे!’ ती म्हणाली. ‘ओढून न्यावी लागायची. प्रत्येक वळणाला. खांदे भरून यायचे.’

‘इतका जड होतो मी?’

‘मग काय पोतं लाडानं म्हणत होते?’ आणि मग, वाऱ्यात जेमतेम ऐकू येईल असं, ‘सवय झाली होती रे. मागे कुणी नसलं की उलट गाडी पोकळ वाटायची.’

त्याला हसू आलं. आलं आणि थांबेना, आणि मधेच कुठेतरी ते हसू राहिलं नाही. घशातून असा काही आवाज आला की तो त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. खाटेवरचं तिचं ओघळलेलं तोंड, पट्टे, हलू नका, सगळं एकदम वर आलं, आणि एवढ्या वर्षांचे तिचे खांदे. हेल्मेटच्या काचेआड डोळे भरून वाहायला लागले, रस्ता तरंगायला लागला, आणि दोन्ही हात तर हँडलवर अडकलेले, पुसायचं कशानं? त्याची पाठ गदगदत होती. ती पाठीला चिकटूनच बसली होती. तिला सगळं कळत असणार, कुणी मागे बसलं की पुढच्याचं सगळं कळतं. त्यानं गाडी कडेला घ्यायला क्लच दाबला.

‘थांबू नकोस,’ ती मागून म्हणाली. पोटाभोवतीचा हात आणखी आवळला. ‘रडायचंय ना, रड. पण समोर बघून रड. पुढे उजवं वळण आहे.’